शेडच्या कैचीखाली बोलेरो मावेल का? कसबा बावड्यातल्या एका घरच्या वर्कशॉपसाठी गाडी उचलायच्या लिफ्टची निवड

माझा भाचा दिवसा शिरोलीच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला असतो. संध्याकाळी आणि रविवारी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाड्या बघतो. घर कसबा बावड्यात, मागे उसाचा फड, जमीन काळी. गिऱ्हाईक सगळं ओळखीचं: बोलेरो, स्विफ्ट, वॅगन आर, अधूनमधून एखादा छोटा हत्ती. काम भरपूर. अडचण होती ती गाडीखाली जायची.

शेडमध्ये दाजींनी स्वतःच्या हातांनी खणलेला खड्डा आहे. १२ फूट लांब, ३ फूट रुंद, छातीएवढा खोल. उन्हाळ्यात उत्तम. पण मिरगाचा पाऊस लागला की तळाला ओल येते आणि ऑगस्टमध्ये गुडघाभर पाणी साठतं. पंप लावून उपसलं तर सकाळी परत तेवढंच, कारण ते पाणी वरून येत नाही, बाजूच्या मातीतून पाझरतं. म्हणजे वर्षातले चार महिने भाचा जॅकवर गाडी उचलून, स्टँड लावून, पाठीवर पडून क्लच प्लेटा बदलत होता. डॉक्टरांनी मणक्याचा फोटो काढायला सांगितला, तेव्हा लिफ्टचा विषय घरात निघाला.

दाजींचं म्हणणं, खड्ड्याला आतून वॉटरप्रूफिंग करून घेऊ, पाचपट स्वस्तात काम भागेल. "तीस वर्षं ह्याच खड्ड्यात उभं राहून घर चालवलंय. तेव्हा कुठं होती तुमची लिफ्ट?" दाजींशी वाद घालायची माझी टाप नाही, पण एक गोष्ट त्यांच्यापुढे मांडावी लागली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खड्ड्यात उतरून तळाला बसते आणि तिथेच उघड्या वायरीचा हँडलॅम्प लोंबत असतो. फ्युएल पाइपचं काम खड्ड्यात करणं म्हणजे रोज नशिबावर हवाला. दाजी काही बोलले नाहीत, पण वॉटरप्रूफिंगचा विषय तिथे थांबला.

आधी काम बघितलं, मग मशीन

भाच्याने मोबाइलवर दोन खांबी लिफ्ट पसंत करूनच ठेवली होती. मी त्याला त्याची हिशोबाची वही आणायला सांगितली. लिफ्ट घेणारा माणूस बहुधा मशीनपासून सुरुवात करतो: किती टनाची, कुठल्या कंपनीची, कितीला. खरं तर आपण गाडीखाली जाऊन नेमकं काय करतो, हे आधी बघायला हवं.

वहीत दिसलं ते असं. ऑइल बदलणं, ब्रेक, टायर ही कामं संख्येने जास्त, पण त्यांत पैसा थोडा. मिळकत होत होती ती क्लच प्लेट, गिअरबॉक्स उतरवणं, लोअर आर्म आणि बुश, सायलेन्सर यांतून. ही सगळी कामं गाडीच्या पोटाखाली मधोमध उभं राहून करायची. या एका गोष्टीने निम्मे पर्याय गळून पडले.

विक्रेत्याने मिड-राइज सिझर लिफ्ट, म्हणजे कात्रीसारखे पाय उघडून वर जाणारी, सुचवली होती. गाडी साधारण मीटरभर उचलते, खोल पाया लागत नाही, घराच्या स्लॅबखालीही चालते. ज्याला फक्त ब्रेक, टायर, डेंटिंग आणि वॉशिंग करायचं आहे, त्याने डोळे झाकून हीच घ्यावी, असं माझं मत आहे. घरची एक-दोन गाड्यांची हौस भागवणाऱ्याला तर दोन खांबी लिफ्टची गरजच नसते. पण सिझरचे पाय आणि प्लॅटफॉर्म नेमके गाडीच्या मध्यभागी येतात आणि गिअरबॉक्सही तिथेच असतो. त्याखाली ट्रॉली सरकवायला जागाच उरत नाही.

चार खांबी लिफ्टवर गाडी सरळ चढवता येते. अलाइनमेंटला आणि एकावर एक गाड्या ठेवायला ती छान. पण तिच्यावर चाकं पट्ट्यांवर टेकलेली राहतात. सस्पेन्शनच्या कामाला चाक लोंबतं हवं, म्हणजे वर चाकं उचलून धरणारा आणखी एक जॅकिंग बीम विकत घ्यायचा. जागाही जास्त खाते. सर्व्हिस सेंटरला असते तसली एका रॅमची वॉशिंग लिफ्ट घ्यायची, तर सिलिंडरसाठी जमिनीत खोल भोक पाडावं लागतं. पाणी पाझरणाऱ्या काळ्या मातीत पुन्हा खणायची कुणाचीच तयारी नव्हती.

उरली दोन खांबी: प्रत्येक खांबाला दोन आडवे हात, ते गाडीला खालून उचलतात. चाकं मोकळी, पोट मोकळं. स्क्रूवर चालणाऱ्या जुन्या धाटणीच्या लिफ्टही मिळतात, पण त्यांत नट झिजतो आणि त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं. त्यामुळे हायड्रॉलिकच घ्यायची ठरली. क्षमता ४ टन. स्विफ्ट ९०० किलोच्या आसपास, बोलेरो पावणेदोन टनांच्या आत. मग ४ टन कशाला, असं दाजींनी विचारलं. उत्तर असं की ४ टनांची लिफ्ट म्हणजे चार हातांची मिळून ४ टन, एका हाताला १ टन. गाडीचं इंजिन पुढे, त्यामुळे चारही हातांवर भार कधीच सारखा येत नाही. एकूण आकड्यावर न जाता एका हाताचा आकडा बघायचा. भरलेली पिकअप मात्र लिफ्टवर घ्यायची नाही, हे त्याच दिवशी ठरवून टाकलं.

उंचीचा हिशोब

भाच्याला लिफ्ट घराच्या पुढच्या बाजूला, स्लॅबखाली हवी होती. तिथे शटर आहे, रात्री कुलूप घालता येतं. पण स्लॅब १० फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर.

कॅटलॉगात लिफ्टची उंची १.८ मीटर लिहिलेली असते. ती जमिनीपासून हाताच्या टोकावरच्या पॅडपर्यंतची. गाडीचा जो भाग पॅडवर टेकतो तो मुळातच जमिनीपासून वर असतो. म्हणून १.८ मध्ये गाडीची पूर्ण उंची मिळवायची आणि टेकण्याच्या जागेची उंची वजा करायची. स्विफ्ट सुमारे १.५३ मीटर उंच, सिल, म्हणजे दाराखालची कड, जमिनीपासून वीतभर वर. टप जातो ३.१ मीटरच्या पुढे. स्लॅबखाली स्विफ्टसुद्धा पुरती वर जात नाही, मग १.८८ मीटरच्या बोलेरोचं नावच नको. पुढची बाजू बाद.

मागची शेड २० फूट रुंद. पत्रा कडेला ११ फुटांवर आणि आढ्याला १५ फुटांवर. बोलेरोचा टप, पॅडवर बसवायचा उंच अॅडॅप्टर धरून, ३.४ मीटरच्या आसपास जातो. आढ्याखाली भरपूर जागा आहे. अडचण कैचीची, म्हणजे पत्रा पेलणाऱ्या तिकोनी सांगाड्याची. कैचीची खालची पट्टी ११ फुटांवर, म्हणजे ३.३५ मीटरवर. बोलेरोचा टप तिला घासणार.

इथे दाजींनी खडू हातात घेतला. दोन कैच्यांत अंतर १२ फूट. बोलेरोची पूर्ण लांबी ४ मीटरला जेमतेम कमी, म्हणजे गाडी दोन कैच्यांमध्ये मावत नाही. पण उंच असतो तो टप, बॉनेट नाही. दाजींनी शेजारची बोलेरो आणून आढ्याच्या रेषेत उभी केली, पुढच्या काचेच्या वरच्या कडेपासून ओळंबा सोडला, जमिनीवर खूण केली, मग मागच्या कडेची खूण केली. दोन खुणांतलं अंतर दोन कैच्यांमध्ये आरामात बसलं. बॉनेट कैचीखाली गेलं तरी चालतं, कारण ते वर गेल्यावरही ३ मीटरच्या आतच राहतं. यातून खांबांची जागा ठरली: दोन कैच्यांच्या मधोमध नाही, तर गाडीच्या तोंडाकडच्या कैचीपासून अडीच फूट मागे. गाडीचा तोल साधारण ड्रायव्हरच्या सीटखाली येतो आणि खांब त्याच रेषेत हवेत.

या मांडणीची किंमत एवढीच की गाडी वर असताना बॉनेट उघडता येत नाही. वरून करायचं काम आधी जमिनीवर उरकायचं. त्याशिवाय वर एक लिमिट स्विच बसवून घेतला, म्हणजे उंच कॅरिअर लावलेली गाडी आली तर मोटर आपोआप थांबते.

आता प्रश्न खांबांचा. दोन खांबी लिफ्ट दोन प्रकारची येते. एकीत दोन्ही खांबांना जोडणारे वायर रोप आणि होज खालून, जमिनीवरच्या पत्र्याच्या पट्टीखालून जातात. खांब पावणेतीन-तीन मीटरचे. दुसरीत ते वरून, आडव्या बीममधून जातात. जमीन साफ राहते, पण खांब पावणेचार मीटरच्या आसपास. गिअरबॉक्सची ट्रॉली फिरवायला वरून जोडलेली लिफ्ट केव्हाही सरस. बावड्यात तिच्या बाजूने आणखी एक मुद्दा होता. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी आहे ४३ फूट. २०२१ ला या शेडमध्ये मांडीभर पाणी होतं. खालून जाणारे रोप अशा वेळी गाळात बसतात.

पण खांब येतात त्या जागी, आढ्यापासून साडेपाच फूट बाजूला, पत्रा उतरत उतरत पावणेतेरा फुटांवर आलेला. खाली पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यावर टेकतो ती आडवी पट्टी. खांब आणि पर्लिन यांच्यात बोट-दोन बोटं जागा उरत होती आणि लिफ्ट उभी करताना खांब तिरका करून वर घ्यावा लागतो. नाइलाजाने जमिनीवरच्या पट्टीची घेतली. हा निर्णय मला आजही पुरता पटलेला नाही. शेड नवी बांधत असतो, तर पत्रा दोन फूट वर घेऊन दुसरीच घेतली असती. पॉवर युनिट मात्र खांबावर छातीच्या उंचीला आहे, त्यामुळे मांडीभर पाण्याने मोटर बुडणार नाही. पूर ओसरल्यावर पट्टी काढून रोप धुऊन ग्रीस करायचे, हे काम वाढलं.

जमीन

या प्रकरणात सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि माझ्या मते जायलाच हवा होता.

विक्रेत्याचा फिटर जागा बघायला आला. त्याने बुटाच्या टाचेने कोबा ठोकून पाहिला आणि म्हणाला, "दगडासारखा आहे. उद्या बोल्ट मारून मोकळं करतो. सगळीकडे असंच बसवतोय." मी हॅमर ड्रिल मागवलं. पहिले ३ इंच पांढरट भुकटी आली, मग बिट एकदम आत गेला आणि तांबूस मुरूम वर आला. म्हणजे ३ इंचाचा कोबा, खाली जेमतेम मुरूम आणि त्याखाली काळी माती. फिटर गप्प.

अशा कोब्यात बोल्ट मारले तर काय होतं ते समजून घेण्यासारखं आहे. लोकांना वाटतं, लिफ्टचं वजन जमिनीला खाली दाबतं. दाबतं खरं, पण त्याहून वाईट म्हणजे ते उपटतं. बोलेरो वर असताना एका खांबावर साधारण ८५० किलो येतात आणि ते खांबाच्या बुडावर नाही, तर आतल्या बाजूला अडीच फूट पुढे आलेल्या हातावर. खांबाला आत झुकायचं असतं आणि त्याला मागे धरून ठेवतात ते बाहेरच्या बाजूचे दोन-तीन अँकर बोल्ट. ढोबळ हिशोब केला, तर त्या बोल्टांवर मिळून टनाच्या वर ओढ येते. पातळ कोब्यात अशी ओढ आली की बोल्ट तुटत नाही. तो आपल्याभोवतीचा काँक्रीटचा शंकू घेऊन वर येतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे आज सरळ असलेला खांब मार्चमध्येही सरळ असेल याची खात्री नाही.

जुन्या खड्ड्याचाही प्रश्न होता. तो शेडच्या पहिल्या गाळ्यात (गाळा म्हणजे दोन कैच्यांमधली जागा), आढ्याच्या रेषेपासून डावीकडे. लिफ्ट त्या गाळ्यात घेतली असती तर डावा खांब बरोबर खड्ड्यावर आला असता. भरून घेतलेली जागा कितीही धुमस केली तरी वर्ष-दोन वर्षं बसतच राहते. तिच्यावर खांब उभा करायचा नाही. म्हणून लिफ्ट मधल्या गाळ्यात सरकवली. दाजींचा खड्डा राहिला, फक्त त्याच्यावर जाड चेकर्ड प्लेटचं झाकण आलं.

मधल्या गाळ्यात कोबा तोडून अडीच फूट काळी माती काढली. मुरूम थरांत टाकून पाणी मारून धुमस केला. वर दोन्ही खांबांखालून सलग जाणारा एकच काँक्रीटचा पट्टा घेतला: १४ फूट लांब, ५ फूट रुंद, १० इंच जाड, वर-खाली सळईची जाळी, एम-२५ काँक्रीट. कंपनीच्या फाउंडेशन ड्रॉइंगपेक्षा हे थोडं जास्तच आहे. या पट्ट्याचं स्वतःचं वजन ४ टनांच्या घरात जातं, त्यामुळे खांबाने उपटायचं म्हटलं तर त्याला हा सगळा पट्टा उचलावा लागेल. दोन वेगळे ठोकळे घेतले असते, तर काळ्या मातीत एक ठोकळा कलण्याची भीती राहिली असती.

एम-२५ मधला २५ हा २८ दिवसांनंतरच्या ताकदीचा आकडा. फिटर आठव्या दिवशी बोल्ट मारायला तयार होता. त्याला २८ दिवसांनी यायला सांगितलं. तेवढे दिवस दाजींनी बारदान अंथरून सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं, एकही खाडा नाही. बोल्टांची भोकं पाडल्यावर ती फुंकून साफ केली, कारण भोकात भुकटी राहिली की अँकर पकडत नाही. बोल्ट टॉर्क रेंचने आवळले आणि काही दिवस वापर झाल्यावर पुन्हा तपासले. पहिल्या दिवसांत ते थोडे ढिले पडतातच.

उद्यमनगरचा मोह

कोल्हापुरात कुठलंही मशीन घ्यायचं म्हटलं की कुणीतरी म्हणतंच, "उद्यमनगरात निम्म्या पैशांत करून देतो की!" खोटंही नाही. शिवाजी उद्यमनगरात भट्टीपासून लेथपर्यंत सगळं हाताशी आहे आणि इथल्या कारागिराच्या हाताबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. भाच्याच्या एका मित्राने चॅनेल वेल्ड करून खांब बनवायची तयारी दाखवली होती. मी विरोध केला, तो कारागिरीवरून नाही. लिफ्टमध्ये जीव वाचवतं ते लॉक: रोप तुटला, होज फुटला, तरी ठराविक अंतरावरच्या खाचेत अडकून गाडी धरून ठेवणारा खटका. दोन्ही खांबांचे खटके एकाच वेळी पडले पाहिजेत आणि पूर्ण क्षमतेपेक्षा जास्त वजन टाकून ते तपासलेले असले पाहिजेत. एकच लिफ्ट बनवणारा माणूस ही चाचणी कुठे करणार? त्याची पहिली चाचणी भाच्याच्या डोक्यावर होणार.

उद्यमनगरचा उपयोग दुसऱ्या कामांना झाला. बोलेरोच्या लॅडर चॅसिसला पॅड नीट टेकावा म्हणून उंच अॅडॅप्टर लागतात. ते कंपनीकडूनच घेतले. पण खालच्या पट्टीवरून ट्रॉलीची चाकं चढावीत म्हणून दोन्ही बाजूंना उताराच्या प्लेटा आणि ऑइलचा मोठा ट्रे तिथे बनवून घेतला. माणसाएवढा उंच स्टँड मात्र तयार, रेटिंग छापलेला घेतला. हा स्टँड चैनीची वस्तू नाही. पुढून इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवला की गाडीचा तोल मागे जातो आणि ती हातांवरून मागे घसरू शकते. जड भाग सोडण्यापूर्वी मागे स्टँड लावायचा.

वीज

घरचं कनेक्शन सिंगल फेज. २.२ किलोवॅटची मोटर सिंगल फेजवर १६ अँपिअरच्या आसपास खाते, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. बावड्यात संध्याकाळी व्होल्टेज पडतं आणि भाच्याचं काम नेमकं संध्याकाळीच. थ्री फेजवर तीच मोटर ५ अँपिअरच्या आत चालते.  म्हणून महावितरणकडे शेडसाठी वेगळ्या थ्री फेज कनेक्शनचा अर्ज केला.

एक गोष्ट मात्र कुठल्याच कॅटलॉगात ठळक लिहिलेली नसते. गाडी नेहमी लॉकवर बसवूनच खाली जायचं, हा नियम. पण लॉकवर बसलेली गाडी खाली आणायची तर आधी थोडी वर उचलावी लागते, तेव्हा खटका सुटतो. उचलायला वीज लागते. लाईट गेली की गाडी वरच. खाली येणं गुरुत्वाकर्षणाने होतं हे खरं, पण ते खटका सुटल्यावर. काही पॉवर युनिटला हातपंपाची सोय मिळते. थोडे पैसे जास्त गेले, तरी ती घेतली. दुसऱ्याच आठवड्यात ती उपयोगी पडली. स्विफ्टचा मालक नेर्लीहून आला होता, रात्रीचे नऊ वाजलेले, लाईट गेलेली आणि बायकोचे फोनवर फोन.

वापर

मशीन जीएसटीसह एक लाख ऐंशी हजारांच्या घरात गेलं. माती, मुरूम, काँक्रीट, वायरिंग, अॅडॅप्टर धरून वर सत्तरेक हजार. कोटेशन बघून बजेट ठरवणाऱ्याला हे दुसरं खातं दिसतच नाही.

भाच्याची पद्धत आता बसली आहे. गाडी टायर सुटतील एवढीच उचलायची, बंपरला धरून जोरात हलवायची, चारही पॅड पुन्हा बघायचे, मग वर. डाव्या-उजव्या दोन्ही खांबांचा खटका ऐकू आल्याशिवाय खाली जायचं नाही. गगनबावड्याच्या घाटाने वर येणाऱ्या कोकणातल्या गाड्यांच्या सिलवर आधी स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघतो. खाऱ्या हवेने सिल आतून कुजलेला असतो. वरून रंग झकास, पॅड लावला की पापडासारखा आत जातो. असली गाडी तो लिफ्टवर घेत नाही.

गल्लीतल्या एकाने या पावसाळ्यात विचारलं, पाणी आलंच तर माझी नवी गाडी तुझ्या लिफ्टवर टांगून ठेवशील का? भाच्याने मला फोन केला. मी म्हटलं, पाण्यात भिजलेल्या काळ्या मातीवर चार-चार दिवस भार ठेवायचा नाही, आणि एकाला हो म्हटलं तर बाकीच्यांना काय सांगशील? बंधाऱ्यावर ३९ फुटांचा इशारा लागला की त्याला म्हणावं, गाडी काढ आणि सरळ उचगावला पाहुण्यांकडे नेऊन लाव.